धरलंताईंचा काळोख

धरलंताईंच्या हातून काही घ्यायचं म्हणजे घेणाऱ्याची परीक्षाच. चहाचा कप असो, ऑफिसच्या कपाटाची किल्ली असो, नाहीतर शेजारणीचं तान्हं बाळ असो, ताई वस्तू पुढे करायच्या, तुम्ही हात लावायचा, आणि वस्तू काही सुटायची नाही. तुम्ही ओढताय, त्या धरून बसल्यात. मग त्या एक भुवई वर करायच्या. तुम्ही तोंडानं "धरलं" म्हटलंत की मगच बोटं सैल पडायची. कुरियरवाल्यानं सहीसाठी दिलेलं पेनसुद्धा त्याला असंच परत मिळायचं. एकदा ऑफिसात नव्यानं आलेल्या एका हिशेबनीसानं कप जोरात ओढला आणि अर्धा चहा स्वतःच्या शर्टावर घेतला. बिचारा पोळल्या छातीवर फुंकर घालत उभा, आणि या शांतपणे विचारतायत, "पण तुम्ही धरलं म्हणालात का?" त्या दिवसापासून त्या धरलंताई झाल्या. खरं नाव पगाराच्या कागदावर असणार, पण ते वाचायला कुणाला सवड होती?

ही खोड घरातून आलेली. बाबांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा कापायच्या आणि लोकांच्या घरी नेऊन बसवायच्या, हा धंदा. मोठी काच एकट्यानं उचलता येत नाही, म्हणून बाबांना एक जोडीदार होता. जिना चढताना तो कायम खालचं टोक धरायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला खालचाच म्हणायची. काचेचं टोक एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना दोघांचं ठरलेलं बोलणं असायचं. "धरलं?" "धरलं." "सोडतो." यापलीकडे दोघं दिवसभर फारसं काही बोलत नसत, आणि त्यांना त्याची गरजही वाटत नसे. आई सांगायची की आमच्या पोरीनं पहिला शब्द उच्चारला तो आई नव्हे, बाबा नव्हे, तर "सोडतो". आता ही चक्क थाप, पण त्या घरात साधी गोष्ट साधेपणानं सांगायची पद्धतच नव्हती.

बाबांची स्वतःची एक ठेवणीतली गोष्ट होती. एका मोठ्या हॉटेलात, भर जेवणाच्या वेळी, मागच्या भिंतीला भलीथोरली काच बसवायची होती, आणि मागे जायला दुसरा रस्ताच नव्हता. बाबा आणि खालचा, दोघांनी ती काच जेवणाऱ्यांच्या डोक्यांवरून नेली. टेबलाला वळसा, खुर्चीला वळसा, हात बदल, पुन्हा हात बदल. खाली लोक जेवतायत, सुपात ब्रेड बुडवतायत, गप्पा हाणतायत. काच पार गेली, भिंतीत बसली. "एकानं, एकानंसुद्धा मान वर केली नाही," असं म्हणून बाबा टेबलावर मूठ आपटायचे. लहानपणी ताईंना वाटायचं, बाबा फुशारकी मारतायत. पुढे कधीतरी लक्षात आलं की ती तक्रार होती.

आता ताईंच्या नोकरीकडे येऊ, कारण सगळी भानगड तिथेच आहे.

चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची कंपनी. बस स्थानकांवर कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल हे दाखवणारे मोठे फलक तिथे बनायचे. प्रत्येक फलकाच्या पाठीत एक कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरच्या अगदी पोटात कर्नेल नावाचा एक कारभारी असतो. यंत्रातली कुठली वस्तू कुणाला द्यायची आणि कुणाकडून काढून घ्यायची, हे तोच ठरवतो. त्या कारभाऱ्याच्या हाताखाली, पडदा ज्याच्या ताब्यात असतो त्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमचं काम धरलंताईंकडे. बाबांना हे सांगायचा त्यांनी वर्षानुवर्षं प्रयत्न केला. बाबा विचारायचे, "तू दिवसभर खुर्चीत बसून करतेस काय?" त्या सांगायच्या, "पडद्याचा ड्रायव्हर बदलते." बाबा म्हणायचे, "बस डेपोत असतात ना ड्रायव्हर बदलायला माणसं? त्यात तुझं काय अडलंय?" पुढे बाबांनी गल्लीत एवढंच सांगितलं की मुलगी पडद्यांचं काम करते, आणि दुसऱ्याच दिवशी शेजारीण खिडकीचं माप घेऊन दारात हजर झाली.

खरं तर काम अगदी काचेसारखंच होतं. फलकाची वीज सुरू केली की पहिल्यांदा पडद्यावर येतो एक साधासुधा ड्रायव्हर. ऑफिसात त्याला म्हातारा म्हणत. म्हाताऱ्याला फार काही येत नाही. यंत्रानं नेमून दिलेल्या जागेत तो एक चित्र काढतो, खाली "थोडं थांबा" लिहितो आणि बसून राहतो. पण त्याला काही लागत नाही, कशाबद्दल कुरकुर नाही, कुठल्याही यंत्रावर चालतो. थोड्या वेळानं येतो खरा ड्रायव्हर, ज्याला त्या पडद्यामागची चिप नीट कळते. तो भरभर चित्रं हलवतो, रंग दाखवतो, चार याद्या एकदम सरकवतो. त्याचं नाव ऑफिसनं ठेवलं होतं जावई, कारण तो येताना स्वतःचं सामान घेऊन येतो आणि ते सामान मिळालं नाही तर हटून बसतो. सामान म्हणजे चिपमध्ये ओतायची एक छोटी फाइल. ती नसेल तर जावयाचं पान हलत नाही.

जावई आला की म्हाताऱ्यानं उठायचं. पडदा एकच, त्यामुळे दोघांनी एकदम हात लावून चालत नाही. पूर्वी एकदा तेही झालं होतं. म्हातारा उठलाच नाही, जावई येऊन बसला, आणि दोघांनी एकाच पडद्यावर आपापलं लिहायला घेतलं. फलकावर जो काही चिवडा झाला, त्याच्या भरवशावर शाळेची एक अख्खी सहल भलत्याच गावी जाऊन आली. मुलांना म्हणे तेच गाव जास्त आवडलं, पण मुख्याध्यापिकाबाईंना आवडलं नाही. तेव्हा ताईंनी अशी काही बोलणी खाल्ली की त्यांनी कानाला खडा लावला. जावयाच्या आगमनाच्या अगदी पहिल्या ओळीत त्यांनी हुकूम लिहून टाकला: आधी म्हाताऱ्याला बाहेर काढा, मग पुढचं बघू.

या बदलाबदलीत पडदा जरासा काळा व्हायचा. पापणी लवावी इतकाच, पण गिऱ्हाइकं तक्रार करायची. ताईंनी महिनोन्‌महिने खपून तो काळेपणा घालवला. म्हाताऱ्यानं सोडलेलं चित्र जावयानं आहे तसंच उचलायचं, पुसायचं नाही, हलवायचं नाही. बघणाऱ्याला कळताही कामा नये की मधे कुणी उठलं आणि कुणी बसलं. हे जमलं त्या दिवशी त्या ऑफिसात एकट्याच हसत बसल्या होत्या, आणि समोरच्या हिशेबनीसानं खुर्ची थोडी लांब सरकवली.

आणि मग त्यांच्या मनानं घेतलं की हे बाबांना दाखवायचं. एवढं एकच काम असं होतं, जे बाबांना कळू शकलं असतं. जगात दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी चालेल, पण ज्या माणसाकडून आपण हे शिकलो त्याला एकदा तरी कळावं की मुलगी खुर्चीत नुसती बसत नाही. संधीही चालून आली. मोठ्या स्थानकावर नवे फलक सुरू व्हायचे होते, आणि मॅनेजरबाईंनी सगळ्यांना घरची माणसं आणायला सांगितलं होतं.

"काय दिसेल तिथे?" बाबांनी विचारलं.

"काही दिसणार नाही," ताई म्हणाल्या. "तेच बघायचं आहे."

"काही न दिसण्याची सोय माझ्या घरीही आहे," बाबा म्हणाले. "डोळे मिटले की झालं."

तिथे चहा आणि बिस्किटं आहेत असं कळल्यावर ते तयार झाले, आणि आपण त्यासाठीच येतोय हे त्यांनी दोनदा बजावून सांगितलं. तरी येताना इस्त्रीचा शर्ट घातला होता, हे ताईंच्या नजरेतून सुटलं नाही.

स्थानकावर बरीच गर्दी जमली होती. स्थानकप्रमुख होते, मॅनेजरबाई होत्या, आणि ज्यांना नुसती आपली बस पकडायची होती अशी पुष्कळ माणसं नाइलाजानं उभी होती. ताईंनी बाबांना पुढच्या बाकावर बसवलं आणि कानात पुन्हा सांगितलं, "ते चित्र बघत राहा. तुम्हाला काहीही झाल्यासारखं वाटणार नाही." बाबांनी हातातलं बिस्किट संपवलं आणि फलकाकडे डोळे लावले. स्थानकप्रमुखांनी बटण दाबलं. सगळ्या फलकांवर चित्र उमटलं, खाली "थोडं थांबा" आलं. म्हातारा आपल्या जागेवर बसला होता.

आणि सगळे फलक काळेठिक्कर पडले.

पापणी लवण्याइतके नव्हे. पडले ते पडलेच. छतापासून भिंतीपर्यंत, एका रांगेत, एकजात काळे. स्थानकात अशी शांतता पसरली की चौकशीच्या खिडकीतल्या बाईंचं केळं सोलणं ऐकू आलं.

त्या शांततेत बाबा उठले आणि टाळ्या वाजवू लागले.

चांगल्या दणदणीत टाळ्या, काच उचलून उचलून राठ झालेल्या हातांच्या. "वा," ते म्हणाले. "खरंच काही दिसत नाही." मुलीनं सांगितलं होतं, तसंच झालं होतं, शब्दाला शब्द. स्थानकप्रमुख त्या क्षणी फोनमध्ये बघत होते. टाळ्या ऐकून त्यांनी मान वर केली आणि कार्यक्रम झाला असं समजून तेही वाजवू लागले. प्रमुख वाजवतायत म्हटल्यावर त्यांची सगळी माणसं वाजवू लागली, आणि मग बसवाल्या लोकांनीही वाजवल्या, कारण टाळ्या झाल्या की असले कार्यक्रम संपतात हा त्यांचा अनुभव होता. मॅनेजरबाई तेवढ्या वाजवत नव्हत्या. त्या ताईंकडे बघत होत्या, आणि ते बघणं काही प्रेमाचं नव्हतं.

काय बिघडलं हे यंत्र सांगत नव्हतं का? सांगत होतं की. जावयानं आपली तक्रार व्यवस्थित लिहिली होती. पण ती तक्रार दिसायची कुठे, तर त्याच पडद्यावर, आणि पडदा तर कुणाच्याच ताब्यात नव्हता. शेवटी ताई आपला लॅपटॉप घेऊन फलकाच्या मागे गेल्या, तार जोडली आणि कुणाच्या तरी पत्र्याच्या ट्रंकेवर बसून ती तक्रार वाचली. जावई आला होता. पहिल्या ओळीत त्यानं म्हाताऱ्याला बाहेर काढलं. चित्र उचलायच्या बेतात आला. आणि मग आपलं सामान शोधायला लागला, तर सामान नाही. नवीन फलकांच्या डिस्क भरणाऱ्या माणसाला ती छोटी फाइल फालतू वाटली होती, म्हणून त्यानं ती गाळली होती. ऑफिसातल्या यंत्रांवर ती कायमच असायची, त्यामुळे तिथे कधी काही अडलं नव्हतं. जावयानं थोडी शोधाशोध केली, नाही मिळाली, आणि तो सरळ निघून गेला. म्हातारा बाहेर, जावई परत, घरात कुणीच नाही.

डिस्क भरणाऱ्याच्या नावानं खडे फोडायला सगळे तयार होते. मॅनेजरबाई तर फोन लावायलाच निघाल्या होत्या. ताईंनाही क्षणभर वाटलं की बरं झालं, सुटले. पण समोर त्यांच्याच हातची ती पहिली ओळ होती. फाइल काय, आज इथे नसेल, उद्या तिथे नसेल. पण समोरच्यानं धरलंय की नाही हे न विचारता आधीच्याला सोडायला लावायचं, हे कुणी लिहिलं? ज्या बाईनं उभ्या आयुष्यात कुणाला चमचासुद्धा "धरलं" ऐकल्याशिवाय दिला नाही, तिनं. लाज वाटली, आणि अशी वाटली की त्या ट्रंकेवरून उठवेना. ट्रंकेचा मालक आपली बस आली म्हणून समोर घुटमळत होता, त्यालाच शेवटी तोंड उघडावं लागलं.

इकडे बाबांचा आनंद गगनात मावत नव्हता. घरी जाताना त्यांनी कंडक्टरला सांगितलं, गल्लीत सांगितलं, खिडकीचं माप आणणाऱ्या शेजारणीला मुद्दाम थांबवून सांगितलं: "अख्खं स्थानक एका झटक्यात काळं केलं तिनं. सगळे टाळ्या वाजवत होते. साहेबसुद्धा." मुलगी काय करते हे त्यांना एकदाचं कळलं होतं. ती काळोख करते. आणि काय झकास करते.

रात्री ताईंनी नवऱ्यापाशी मन मोकळं केलं. जन्मात पहिल्यांदा बाबा आपल्या कामाबद्दल चारचौघांत बोलतायत, आणि बोलतायत ते आपल्या सगळ्यात मोठ्या घोटाळ्याबद्दल. नवरा म्हणाला, राहू दे. त्याला सासऱ्यांच्या तोंडून लग्नापासून आजवर एकच कौतुक मिळालं होतं, तेही दुसऱ्याच कुणाला उद्देशून होतं हे मागाहून कळलं, आणि त्यानं ते अजूनही परत केलं नव्हतं. पण ताईंना ते जमेना. एवढ्या वर्षांनी बाबांना काहीतरी द्यायचं आणि तेही फुटकं द्यायचं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी त्या दुकानात गेल्या.

बाबा काच कापत होते. खालचा गेल्यापासून ते एकट्याला पेलतील एवढ्याच काचा घेत, चौकटीतल्या तसबिरींच्या, आरशांच्या. ताईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. बाबांनी मान वर न करता ऐकलं.

"म्हणजे मी काच फुटल्यावर टाळ्या वाजवल्या," ते म्हणाले.

"हो."

"आणि तू मला वाजवू दिल्यास."

"हो."

"फुटली कशी?"

"जुन्याला सोडायला लावलं मी," ताई म्हणाल्या. "नव्यानं धरलंय का ते विचारलं नाही."

बाबांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. "असं कुणी शिकवलं तुला?" एवढंच विचारलं. ते वळून पुन्हा काचेकडे गेले. पुढचे काही दिवस ते फोनवर फक्त नातवाशी बोलले, आणि नातू फोन आईकडे द्यायला लागला की पलीकडून लाइन कट व्हायची.

ताईंनी कंबर कसली. त्यांनी जावयाची वाट नव्यानं आखली. त्यानं यायचं, पण पडद्याला हात लावायचा नाही. आधी दाराबाहेर उभं राहून आपलं सगळं सामान तपासायचं. फाइल आहे का, मेमरीत जागा आहे का, चिप जागी आहे का. यातलं काहीही कमी असलं तर गुपचूप मागच्या पावली परत जायचं. म्हातारा बसलाय तो बसलाय, निदान "थोडं थांबा" तरी दिसत राहील. सगळं हातात आलं तरच म्हाताऱ्याला उठवायचं, आणि तो उठतोय तोच चित्र जसंच्या तसं उचलायचं. दोघांनी एकदम लिहायचं नाही आणि मधे कुणीच नाही असंही व्हायचं नाही. सांगायला सोपं, पण करताना ताईंच्या नाकीनऊ आले. चिपच्या कंपनीतला माणूस फोनवर म्हणाला, आमचा ड्रायव्हर जिथे जातो तिथे त्याला आधी जागा मोकळी लागते. ताईंनी त्याला गोड आवाजात विचारलं की तुमच्याकडे पाहुणे आले तर तुम्ही घरच्यांना आधी रस्त्यावर काढता का. तो हसला, आणि हसला म्हणूनच ऐकायला लागला. चांगला माणूस होता, शेवटी त्यानंच दोन अडचणी सोडवून दिल्या.

मग ताईंनी मुद्दाम खोड्या सुरू केल्या. फाइल लपवून बघ, अर्धीच ठेव, नावच बदल, दुसऱ्याच चिपची फाइल त्याच्या माथी मार. दरवेळी जावई यायचा, सामान बघायचा, आणि आल्या पावली परत जायचा. म्हातारा ढिम्म. मॅनेजरबाई म्हणाल्या, पुरे झालं आता, किती छळाल त्याला. शेवटी ताईंनी एक चावटपणाही केला. जावयानं पडदा नीट घेतला की यंत्राच्या नोंदींत एक ओळ उमटते, कुणी सहसा न वाचणारी. तिथे त्यांनी लिहून ठेवलं: धरलं.

फलक पुन्हा सुरू करायचा दिवस ठरला. या खेपेला भाषण नव्हतं, चहा नव्हता, बिस्किटं तर नव्हतीच. मॅनेजरबाईंना हे सगळं जमेल तितकं गुपचूप उरकायचं होतं. ताईंनी बाबांना फोन केला आणि ते कट करायच्या आत एका दमात म्हणाल्या की दुपारी स्थानकावर या. मग बाबा म्हणाले की येतो, पण काही झालं तरी टाळ्या वाजवणार नाही. एकदा फसलो, तेवढं पुरे.

आले तेव्हा शर्ट साधाच होता. बाकावर बसले, हाताची घडी घातली आणि पंजे काखेत दाबून ठेवले, न जाणो चुकून वाजले तर. रोजची दुपार होती. लोक पिशव्या सांभाळत उभे होते, एक बाई पोराला भरवत होती, चौकशीच्या खिडकीत आज संत्रं होतं. ताई मांडीवर लॅपटॉप घेऊन बाबांच्या शेजारी टेकल्या.

"आता काय बघायचं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस."

"मी धरलं म्हणेन," ताई म्हणाल्या. "तेव्हा बघा."

फलकांवर चित्र आलं. खाली "थोडं थांबा". बाबा टक लावून बघत होते. ताईंची नजर लॅपटॉपवर. एकामागून एक ओळी सरकत होत्या. फाइल मिळाली. जागा मिळाली. चिप जागी झाली.

"धरलं," ताई म्हणाल्या.

फलकावर तेच चित्र होतं. थरथरलं नाही, लवलं नाही, कुठे रंगसुद्धा बदलला नाही. थोड्या वेळानं त्याच्या जागी गाड्यांची यादी आली, आणि पिशवीवाल्या लोकांनी आपापली गाडी शोधली आणि ते चालायला लागले. बाईनं पोराला पुढचा घास भरवला.

"कधी झालं?" बाबांनी विचारलं.

"मी म्हणाले तेव्हाच."

"जुना गेला?"

"गेला."

"नवा आला?"

"आला."

बाबांनी फलकाकडे पाहिलं. मग खाली उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, प्रत्येकाकडे. सगळे आपापल्या नादात होते. बाबांनी ताईंकडे पाहिलं आणि अगदी हळू, जणू कुणाचं तरी गुपित फोडतोय अशा आवाजात म्हणाले, "एकानंसुद्धा मान वर केली नाही गं."

आणि काखेतले हात काढून ते उठले.

भर दुपारच्या स्थानकात, जिथे काहीही घडलं नव्हतं, एक म्हातारा एकटाच उभा राहून दणादण टाळ्या वाजवू लागला. आता मात्र सगळ्यांनी मान वर केली. पोराला भरवणारी बाई थांबली, खिडकीतलं संत्रं थांबलं, पिशवीवाले मागे वळले. कुणी फलकाकडे बघतंय, कुणी छताकडे, कुणी एकमेकांकडे. ताई म्हणाल्या, बाबा, पुरे आता, लोक बघतायत. ते थांबेनात, आणि खरं सांगायचं तर ताईंनीही काही फार जोर लावला नाही. त्यांना समोरचा फलक दिसतच नव्हता, डोळे भरून आले होते.

शेवटी एक गृहस्थ हातातली पिशवी खाली ठेवून जवळ आला. वेडबिड लागलंय की काय अशा सुरात त्यानं बाबांना विचारलं, "आजोबा, काय झालं?"

"काही नाही," बाबा छाती पुढे काढून म्हणाले. "काहीसुद्धा झालं नाही. माझ्या मुलीनं केलंय."